पुरातल्या कुटुंबांसाठी शनिवार-रविवारची भट्टी: काय भाजावं, केव्हा भाजावं?

शहापूरकन्या

मंडळी, मिरग तोंडावर आलाय म्हणून आत्ताच विचारते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम चढल्या आणि कर्नाटकात सगळ्यात जास्त फटका आपल्याच बेळगाव जिल्ह्याला बसला, हे इथं कुणाला सांगायला नको. १० आणि ११ ऑगस्टला शनिवार-रविवार आला होता. आम्ही मैत्रिणी एकीच्या घरी जमलो आणि गोकाककडच्या निवारा केंद्रांसाठी नानकटाई आणि बन करायला घेतले. शहरात लाईट सारखी जात होती, घरच्या ओव्हनचा भरवसा नव्हता. शेवटी शहरातल्या कॅम्प भागातल्या एका बेकरीवाल्या काकांनी दुपारनंतर भट्टी मोकळी करून दिली. दिवाळीत आपण घरून मैदा, डालडा, पिठीसाखर घेऊन जातो आणि ट्रे लावून बसतो, अगदी तसंच. एकजण रवा-बेसन चाळतेय, दुसरी गोळे वळतेय, मुलं वर अंगठा दाबून खळगा करताहेत. रात्री टेम्पो भरला.

यंदा आम्ही ठरवलंय की पाणी आलंच तर एक शनिवार-रविवार यासाठी धरायचाच. फक्त काय करायचं आणि कुठल्या दिवशी पोचवायचं हे आधी नक्की करायचंय. माझं मत सांगते: पैसे द्यावेतच, खरं हातचं करून देणं सोडू नये. तुमचा अनुभव लिहा.

उचगावकर

नानकटाई! आम्हाला पण एक डबा बाजूला काढून ठेवा.

खडेबाजार

ताई, राग मानू नका. तुमची कळकळ कळते. खरं मी हिशेबाचा माणूस. डालडा, साखर, मैदा, भट्टीचं सरपण, टेम्पोचं डिझेल सगळं धरा आणि तेवढ्या पैशात किती तांदूळ-डाळ येते ते बघा. गंजी केंद्रात, म्हणजे निवारा केंद्रात, सरकारी स्वयंपाक असतोच. तिथं कमी पडते ती चटई, चादर, साबण, बायकांचं सामान. दोन दिवस दहा जणी राबून जे करतात ते पैशात बदललं असतं तर जास्त लोकांना पुरलं असतं. हातचं दिल्याचं समाधान देणाऱ्याला असतं, घेणाऱ्याला काय लागतं ते आधी बघायला पाहिजे.

वेदगंगा

घेणाऱ्याला काय लागतं ते मी सांगते. आमचं गाव निपाणी तालुक्यात नदीकाठी. २०१९ ला आणि परत जुलै २०२१ ला, दोन्ही वेळा आम्ही घर सोडून शाळेत राहिलो.

पहिल्या चार-पाच दिवसांत खायला कमी पडलं नाही. सकाळी उप्पीट, दुपारी भात-सांबार, रात्री परत भात. वर निपाणीतून, संकेश्वरातून, कुठून कुठून लोक येत होते. चपात्या, बिस्किटं, बन, केळी. व्हरांड्यात बनांची पोती रचली होती. तिसऱ्या दिवशी त्यांवर हिरवी बुरशी. बायकांनी ती गुपचूप मागच्या बाजूला नेऊन टाकली, आणून देणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

खरी उपासमार झाली ती घरी परतल्यावर. पाणी उतरलं, केंद्र बंद झालं, "आता घरी जावा" म्हणाले. घरी गेलो तर मातीची चूल विरघळून गेलेली. सिलिंडर कुठं वाहून गेला पत्ता नाही. लाकूड भिजलेलं. कणगीतल्या जोंधळ्याला मोड येऊन वास सुटलेला. दारातून आत गुडघाभर चिखल, आणि तो पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखल ओढायचा आणि मग शिजवायचं कशावर? त्या दिवसांत एकही टेम्पो आला नाही. सगळ्यांना वाटलं, पूर संपला.

तेव्हा माझ्या मावशीनं अथणीहून तेलाच्या डब्यात भरून कडक भाकरी पाठवली, बरोबर शेंगाची चटणी. भाकरी ताटात मोडायची, वरून पाण्याचा हबका मारायचा, चटणीवर तेल घालायचं. आम्ही आणि शेजारच्या दोन घरांनी त्यावर किती दिवस काढले! म्हणून सांगते ताई, भाजा, जरूर भाजा. खरं पाणी चढताना नाही, उतरल्यावर भाजा.

उचगावकर

वेदगंगा ताई, डब्याची थट्टा केली ती मागं घेतो. हे कुणी असं सांगितलंच नव्हतं.

गोकाकचा_पाहुणा

माझी सासुरवाडी गोकाक. तिथं पण हेच. लोळसूरच्या पुलाकडं पाणी होतं तोवर सगळ्यांचं लक्ष होतं. उतरल्यावर लोक आपापल्या पडक्या भिंतींजवळ आणि बाकीचे आपापल्या कामाला.

आणि एक. गोकाकात करदंट घेऊन मदतीला येणारी मंडळी पण होती! करदंट म्हणजे गोकाकचीच प्रसिद्ध डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, आणि पुरात गोकाकवाल्याला करदंट. सासरे हसून म्हणाले, "पोरांनो, माया पोचली." खरंच सांगतो, त्या दिवसांत घरात तेवढंच हसू झालं. पोरांनी खाल्लाही.

कॅम्पातला_भट्टीवाला

मी धंद्यानं बेकरीवाला, वर लिहिलेले काका नव्हे. कामाचं तेवढं सांगतो.

पावसाळ्यात बन आणि पाव पुराला पाठवू नका. त्यात ओल असते, हवेतही ओल, दोन-तीन दिवसांत बुरशी ठरलेली. पाठवायचे असतील तर सकाळी भाजून दुपारी पोटात गेले पाहिजेत, म्हणजे जवळच्या केंद्रातच.

टिकतं ते दोनदा भाजलेलं. टोस्ट म्हणजे काय, तर पाव भाजून, दुसऱ्या दिवशी कापून, मंद आचेवर परत तासन् तास सुकवलेला. त्यातलं पाणी गेलं की बुरशीला जागा राहत नाही. आपले चहात बुडवायचे बटर पण तसेच. नानकटाई टिकते कारण त्यात पाण्याचा थेंब नसतो, तूप नाहीतर डालड्यातच पीठ मळलेलं. फक्त ती प्रवासात मोडते. गोकाकला पोचेपर्यंत निम्म्याचा चुरा होतो. लांब पाठवायची तर लहान आणि जाड करा, थोडा रवा जास्त घाला.

लाकडाच्या भट्टीचा फायदा घ्या. पहाटे पावासाठी ती कडक तापवलेली असते. दहा-अकराला पाव निघाले की उष्णता हळूहळू उतरत जाते. त्या उतरत्या आचेत आधी नानकटाई, मग रात्रभर टोस्ट. वेगळं सरपण लागत नाही. कुठल्याही बेकरीवाल्याला आदल्या दिवशी विचारलं तर तो नाही म्हणणार नाही. पुरात आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पैसे न घेता भट्टी दिलीय.

सगळ्यात महत्त्वाचं: गरम माल बांधू नका. पिशवीला आतून घाम येतो आणि केलेलं सगळं वाया जातं. पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या, भले टेम्पो दोन तास उशिरा निघो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई अन्नाला लागते, सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, एफएसएसएआयनंही ते करू नका म्हणून सांगितलंय. आणि अंडं घालू नका. चिक्कोडी, अथणी, रायबाग पट्ट्यात जैन आणि लिंगायत कुटुंबं किती आहेत ते माहीत आहेच. पिशवीवर मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडं मोठ्या अक्षरात लिहा की अंडं नाही. न लिहिलं तर शंकेनं लोक हात लावत नाहीत, उपाशी राहतात.

निपाणी_बाजारपेठ

यात भर घालतो. २०१९ चा पूर श्रावणात आला होता, ५ ऑगस्टला नागपंचमी होती. कित्येक घरांत श्रावण पाळतात, सोमवार धरतात. जैन कुटुंबांत चातुर्मासात सूर्य मावळल्यावर खात नाहीत, कांदा-बटाटा नाही. रात्री नऊला टेम्पो पोचला आणि त्यात कांदा घातलेल्या मसाला चपात्या असल्या तर त्या माणसांनी काय करायचं? कोरडं, साधं, दुसऱ्या दिवशी सकाळी खाता येईल असं असलं की कुणालाच अडचण नाही.

गुरांचा_डॉक्टर

वेदगंगा ताईंनी टाकून दिलेल्या बनांचं लिहिलं म्हणून मध्ये येतो. विषय थोडा बाजूचा आहे, खरं महत्त्वाचा आहे.

उरलेले बन, पाव, चपात्या लोक गुरांना घालतात. पुरात जनावरं रस्त्याच्या भरावावर, उंचवट्यावर बांधलेली असतात, वैरण नसते, भुकेली असतात, जे मिळेल ते खातात. पावाची अर्धी बादली एका म्हशीनं खाल्ली की पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर बसतं ते उठत नाही. बुरशी असेल तर आणखी वाईट. त्या कुटुंबाचं घर गेलेलं असतंच, वर दुभतं जनावर पण जातं.

नदीकाठची माणसं वेळेवर घर सोडत नाहीत त्याचं एक मोठं कारण जनावरं हेच असतं. तुमच्या टेम्पोत जागा असेल तर चार पेंढ्या कडबा घाला. मालक आधी गुरांकडं बघतो, मग स्वतः जेवतो.

शहापूरकन्या

डॉक्टर, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. कडबा नक्की. येळ्ळूरकडं ओळखी आहेत, विचारते.

खडेबाजार

मूळ मुद्दा मात्र वेगळाच आहे. दरवर्षी भाकरी भाजत बसायची वेळ का येते? कोयनेतून पाणी कधी सोडायचं, अलमट्टीची पातळी कधी कमी करायची, हे दोन राज्यांनी पाऊस वाढायच्या आत बसून ठरवलं तर...

गोकाकचा_पाहुणा

अलमट्टीचा आणि गोकाकच्या पुराचा थेट संबंध लावू नका. गोकाकात पाणी येतं ते घटप्रभेचं, वरून हिडकल धरणातून सुटलेलं. ते ५१ टीएमसीचं. २०१९ ला पाणलोटातच एवढा पाऊस झाला की...

खडेबाजार

मी चिक्कोडी-अथणीचं बोलत होतो. तिथं कृष्णा आहे. कोयना १०५ टीएमसीची, ती भरत आली की...

संयोजक

दोघांनाही विनंती, धरणांच्या चर्चेचा धागा वेगळा आहे. तिथं या, तिथं भरपूर आकडे आहेत. इथं भट्टी चालू राहू दे.

संकेश्वरी

कडक भाकरीचं मी सांगते, आमच्याकडं ती बारा महिने असते.

जोंधळ्याच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते. म्हणून पाणी उकळून त्यात थोडं पीठ घालायचं, उकड काढायची आणि त्यात बाकीचं पीठ मळायचं. भरपूर मळायचं, तळव्याच्या टाचेनं रेटत. मग थापायची पातळ, इतकी पातळ की काठवटीचा रंग आतून दिसला पाहिजे. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, फुगली की आच कमी करायची. इथून पुढं वेळ लागतो. फडक्याची गुंडाळी करून कडेकडेनं दाबत राहायचं, ओलावा जाऊन भाकरी कडकडीत होईपर्यंत. मधे मऊ राहिली तर तिथूनच खराब होते. झाल्यावर एकावर एक ठेवायच्या नाहीत, टोपलीत उभ्या लावायच्या. गार झाल्या की डब्यात. कित्येक आठवडे काही होत नाही.

ज्यांना थापता येत नाही त्यांनी दाबायला आणि उभ्या लावायला बसावं, ते काम जास्त असतं. आमच्या गल्लीत लग्नाच्या आधी अशाच बसतात बायका, तीन चुली, एक मळणारी, दोन थापणाऱ्या.

आणि चटणी तिखट करू नका. आमच्या संकेश्वरी मिरचीची केली तर खाणारा पाणी पाणी करणार, आणि पुरात नेमकं प्यायचं पाणीच नसतं! शेंगा, मीठ, जिरं, लसूण, रंगापुरतं तिखट. जैन कुटुंबांसाठी लसणाशिवायची वेगळी पिशवी.

उचगावकर

पुराच्या मधोमध पाणी पाणी. वैनी, हे लक्षात राहील.

अंगणवाडी_सेविका

लहान मुलांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचं दूध, दुसरं काही नाही. पाणी पण नाही. लोक मायेनं दुधाची पावडर आणि बाटल्या घेऊन येतात. केंद्रात पाणी उकळायची सोय नसते, बाटली धुवायची नसते, आणि त्यातूनच बाळांना हगवण लागते. त्यापेक्षा त्या आईला पोटभर खायला द्या, बसायला आडोसा द्या.

वर्षाच्या पुढच्या मुलांना टोस्ट चांगला, उकळलेल्या दुधात नाहीतर चहात मऊ होतो. ज्या म्हाताऱ्यांना दात नाहीत त्यांना कडक भाकरी आमटीत भिजवून काला करता येते. नानकटाईला माझा विरोध नाही उलट आग्रह आहे, खरं प्रत्येक मुलाच्या हातात एक-दोन द्या, पिशवीच्या पिशवी नको. घर सुटलेलं मूल घाबरलेलं असतं, रात्री रडतं, जेवत नाही. अशा मुलानं ओळखीचा गोड घास खाल्ला की ते जरा बोलायला लागतं. हे मी पाहिलंय.

पिशवीत ओआरएसच्या दोन पुड्या टाकल्यात तर फार बरं.

ह्यूस्टनचा_अनगोळकर

मी मूळ अनगोळचा, इथं टेक्ससात असतो. २०१७ च्या ऑगस्टात हार्वी नावाचं चक्रीवादळ आलं, सगळं ह्यूस्टन पाण्यात. इथं एल बोलियो नावाची मेक्सिकन बेकरी आहे. तिच्यातले काही कामगार पुरामुळं आतच अडकले, बाहेर पडायला रस्ता नाही. त्यांनी काय केलं, तर अडकलेल्या वेळात बेकरीतलं हजारो पौंड पीठ मळून, भाजून ठेवलं, आणि वाट मोकळी झाल्यावर ते पूरग्रस्तांकडं गेलं. त्यांचा तो गोड पाव, जो त्यांची माणसं रोज सकाळी कॉफीबरोबर खातात.

खडेबाजार दादांना म्हणून सांगतो. त्या पिठाची किंमत काढून चेक दिला असता तर हिशेब बरोबरच बसला असता. खरं त्या आठवड्यात दुकानं बंद होती, रस्ते बंद होते, हातात पैसे असून विकत काय घेणार? माणसं आणि भट्टी तिथं होती म्हणून पाव मिळाला. आपल्याकडं यमगर्णीला कोल्हापूरकडचा रस्ता बंद झाला की निपाणीच्या अलीकडं बेळगाव आणि संकेश्वरच उरतात. तिथल्या चुलीच कामाला येणार.

खडेबाजार

अनगोळकर, हे मान्य. आणि वेदगंगा ताईंचं वाचल्यावर काल रात्री बराच वेळ विचार करत होतो. चूलच नसलेल्या घराला मी तांदूळ-डाळ द्या म्हणत होतो.

तरी माझा पैशाचा मुद्दा पूर्ण सोडत नाही. केंद्रात असताना तयार अन्नाची भर घालू नका, ते पैसे राखून ठेवा. घरी परतणाऱ्या कुटुंबाला भाकरीच्या डब्याबरोबर एक लोखंडी चूल नाहीतर शेगडी द्या, म्हणजे डबा संपेपर्यंत त्यांचं त्यांना शिजवता येईल. लोखंडी चुलीचं मी बघतो. दुकानदारांकडून गोळा करायला मला लाज वाटत नाही.

वेदगंगा

दादा, हे झालं तर फार मोठं काम होईल. अजून एक सांगते. केंद्रातल्या बायकांना नुसतं बसवून ठेवू नका. आम्हाला शाळेत दोन दिवसांनी कुणीतरी परात, तवा आणि पीठ आणून दिलं. आम्ही व्हरांड्यात बसून भाकरी केल्या, आमच्यासाठी आणि वरच्या वर्गात राहिलेल्यांसाठी. रांगेत ताट घेऊन उभं राहायचं जिवावर येत होतं. पीठ हातात आल्यावर बायका पहिल्यांदा मोकळेपणानं बोलल्या.

पिठाची_गिरणी

वडगावात माझी गिरणी आहे. जोंधळे कुणी आणून दिले तर दळणाचे पैसे घेणार नाही. फक्त आदल्या दिवशी सांगा, पावसात जोंधळे सादळतात, नीट वाळवलेले आणा. पीठ ताजं पाहिजे, जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते.

आमच्याकडं पण बळ्ळारी नाल्याचं पाणी दरवर्षी शेतात पसरतं, भाताची रोपं कुजतात. नदीकाठच्या लोकांचं जे होतं ते आम्ही थोडं थोडं दर पावसाळ्यात बघतो.

उचगावकर

मला थापता येत नाही, भाजता येत नाही, खरं माझ्याकडं छोटा टेम्पो आहे. चिक्कोडी, सदलगा, बोरगाव बाजूचे रस्ते पाठ आहेत. दूधगंगा-वेदगंगेवरचे खालचे पूल, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, हे आधी बुडतात आणि शेवटी उघडतात. पलीकडच्या गावांना मदत उशिरा पोचते ती म्हणूनच. पूल उघडल्या दिवशी मी निघायला तयार.

शहापूरकन्या

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता आमचं ठरलं ते असं.

पाणी चढतं तेव्हा आम्ही फक्त केंद्रात विचारायचं. मागितलं तर पीठ, परात, तवा आणि मुलांपुरती नानकटाई. बन अजिबात नाही. खरी भट्टी पाणी उतरायला लागल्यावरच्या पहिल्या शनिवार-रविवारी. शनिवारी पहाटेपासून तीन चुलींवर कडक भाकरी, संकेश्वरी वैनी शिकवायला येणार का? त्याच दुपारी बेकरीत टोस्टसाठी आदल्या दिवशी भाजलेले पाव कापणं, रात्रभर सुकवणं. रविवारी गार करून भरणं. एका घराला एक डबा: भाकरी, शेंगा चटणी, टोस्ट, ओआरएस. लेबल दोन्ही भाषांत, कन्नड लिहायला माझी भाची आहे. खडेबाजार दादांच्या चुली आणि डॉक्टरांचा कडबा उचगावकरांच्या टेम्पोत.

वेदगंगा ताई, तुमच्या गावापासूनच सुरुवात करायची का, की पलीकडच्या काठापासून? तुम्ही सांगाल तसं.

वेदगंगा

पलीकडच्या काठापासून. तिकडं कुणी जात नाही.

संकेश्वरी

येते की. काठवट मी घेऊन येते, तुमच्या शहरातल्या परातीत थापायला होत नाही. तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे आत्तापासून जमवायला लागा, झाकणासकट. गरम पाणी आणि राखेनं धुवून उन्हात वाळवलेले पाहिजेत, आणि ऊन आता चारच दिवस आहे.

पिठाची_गिरणी

गिरणीच्या मागं काही डबे पडून आहेत. उद्या धुवायला काढतो.